बाहुलीचा वर्ण

"लहान मुलाला जात नसते, रंग नसतो, तें सर्वांना सारखेंच पाहतें," हें वाक्य आपल्याकडे इतक्या वेळां आणि इतक्या निःशंकपणें बोललें जातें कीं, त्याची परीक्षा करून पाहण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. सभांतून तें ऐकूं येतें, बक्षीससमारंभाच्या भाषणांतून ऐकूं येतें, आणि मुलाला बालमंदिरांत घालतांना आईबापांच्या मनांतहि तेंच असतें. वाक्य गोड आहे. परंतु गोड वाक्यांचा एक दोष असा कीं, तीं मोठ्या माणसांना त्यांच्या कर्तव्यांतून परस्पर सोडवून टाकतात. मूल जर जन्मतःच समदर्शी असेल, तर त्याला समता शिकविण्याचें कारणच उरत नाहीं. आणि पुढें तें तसें राहिलें नाहीं, तर दोष सोबत्यांचा, शाळेचा किंवा काळाचा, असें म्हणून आपण हात झाडावयास मोकळे.

या महिन्यांत आम्हांस या सदरांत ह्या गोड वाक्याचीच तपासणी करावयाची आहे. वयाच्या पहिल्या पांचसहा वर्षांत मुलें ज्या संस्थांत जातात, त्यांस कोणी बालमंदिर म्हणो, बालवाडी म्हणो, कीं इंग्लंडांतल्याप्रमाणें बालकेंद्र म्हणो, त्या संस्थांत वंशावंशांतील समता कशी रुजवावी, हा प्रश्न गेल्या पाऊणशें वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. तिकडे 'वंश' म्हटलें कीं मुख्यतः कातडीचा रंग डोळ्यांपुढें येतो. म्हणून तिकडची हकीकत प्रथम सांगूं आणि मग आपल्या घराकडे वळूं.

आरंभ पाळण्यापासून करणें बरें. इ. स. २००५ मध्यें इंग्लंडांतील कांहीं संशोधकांनीं नवजात अर्भकांस व तीन महिन्यांच्या मुलांस निरनिराळ्या वंशांच्या माणसांचे चेहरे जोडीजोडीनें दाखविले आणि मूल कोणत्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहतें तें मोजलें. नवजात अर्भकांनीं कांहींच भेद केला नाहीं. तीन महिन्यांचीं गोरीं मुलें मात्र गोऱ्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत होतीं. पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, इस्रायलमधील संशोधकांचें असेंच काम प्रसिद्ध झालें. इथिओपियांतून तेथें येऊन राहिलेल्या कुटुंबांतील जीं मुलें जन्मापासून काळे व गोरे असे दोन्ही चेहरे रोज पाहत होतीं, त्यांच्या ठिकाणीं हा ओढा दिसला नाहीं. याचा अर्थ इतकाच कीं, डोळा परिचिताकडे वळतो. तीन महिन्यांच्या मुलाला गोरें चांगलें आणि काळें वाईट असें कांहीं वाटत नसतें. जें रोज दिसतें तें त्याला आपलें वाटतें. भेद दिसणें हें डोळ्याचें काम आहे. त्या भेदाला किंमत लावणें हें मात्र डोळ्याचें काम नव्हे. ती किंमत बाहेरून येते, आणि आपण समजतों त्याहून फार लवकर येते.

संस्कृतांत 'वर्ण' या एकाच शब्दाला रंग, समाजांतील वर्ग आणि अक्षर असे तीन अर्थ आहेत. या तिहींपैकीं तिसऱ्या अर्थाचा वर्ण मुलाला शिकवितांना आपण फार शहाणपणानें वागतों. वर्णमालेंत 'अ' पहिला आणि 'ज्ञ' शेवटचा. पण म्हणून 'ज्ञ' हीन, असें कोणताहि गुरुजी सांगत नाहीं. कंठ्य आणि ओष्ठ्य वर्णांच्या जागा वेगळ्या, पण शब्दांत ते शेजारीं शेजारीं बसतात आणि तसे बसल्यावांचून शब्दच होत नाहीं. वेगळेपणा आणि हीनपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें अक्षरांच्या बाबतींत पांच वर्षांच्या मुलाला समजतें. माणसांच्या बाबतींत तें त्याला समजूं नये, अशी व्यवस्था आपण मोठीं माणसें करून ठेवतों.

ती व्यवस्था किती पक्की असते, हें केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या कृष्णवर्णी अमेरिकन दांपत्यानें दाखवून दिलें. दोघेंहि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून मानसशास्त्रांत पंडित झालेलीं. त्यांनीं चार बाहुल्या घेतल्या. सर्व बाबतींत त्या सारख्या. भेद एवढाच कीं, दोघींची कातडी तपकिरी व केस काळे, आणि दोघींची कातडी गोरी व केस पिवळे. या बाहुल्या त्यांनीं तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णी मुलांपुढें ठेवल्या. त्यांपैकीं १३४ मुलें दक्षिणेंतील आर्कान्सा संस्थानांत, जेथें गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा कायद्यानेंच वेगळ्या होत्या, तेथील होतीं. आणि ११९ मुलें उत्तरेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, गोऱ्यांबरोबर एकाच शाळेंत बसणारीं होतीं. मुलांना सोपे प्रश्न विचारले. तुला खेळावयाला कोणती बाहुली हवी? छान बाहुली कोणती? वाईट दिसते ती कोणती? छान रंग कोणाचा? आणि शेवटीं, तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे.

हा प्रयोग १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. शेंकडा ६७ मुलांनीं खेळावयाला गोरी बाहुली मागितली. शेंकडा ५९ मुलांनीं छान म्हणून गोरीच दाखविली, आणि तितक्याच मुलांनीं वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुलीकडे बोट केलें. 'तुझ्यासारखी कोणती' असें विचारतांच शेंकडा ३३ मुलांनीं गोरी बाहुली उचलली. क्लार्क यांनीं असेंहि नमूद केलें आहे कीं, या शेवटच्या प्रश्नाशीं येतांच कांहीं मुलें रडूं लागलीं व खोलींतून बाहेर पळून गेलीं. वाचकहो, त्या मुलांच्या रडण्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. क्षणापूर्वीं ज्या बाहुलीला त्यांनीं आपल्या तोंडानें वाईट म्हटलें होतें, तीच आतां त्यांना 'ही माझ्यासारखी' म्हणून हातीं द्यावयाची होती. चारपांच वर्षांच्या जिवाला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची पाळी आली होती.

पुढें १७ मे १९५४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक शाळांत वंशावरून मुलें वेगळीं बसविणें हें राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असा एकमतानें निर्णय दिला. 'वेगळें पण समान' या नांवाखालीं १८९६ पासून जें तत्त्व चालत आलें होतें, त्याला शिक्षणाच्या क्षेत्रांतून रजा मिळाली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्रांतील एका तळटीपेंत मानसशास्त्राच्या आधारग्रंथांचा निर्देश आहे; तेथें पहिलें नांव क्लार्क यांचें आहे. बाहुल्यांचा खेळ न्यायालयाच्या निकालापर्यंत पोंचल्याचें असें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

तथापि या प्रयोगांतील एक गोष्ट पुष्कळदां सांगावयाची राहून जाते, आणि आमच्या मतें तीच आज अधिक बोधप्रद आहे. उत्तरेकडील जीं मुलें गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेंत बसत होतीं, त्यांची गोऱ्या बाहुलीविषयींची ओढ दक्षिणेकडील मुलांपेक्षां कमी नव्हती. किंबहुना थोडी अधिकच होती. म्हणजे केवळ एका छपराखालीं बसल्यानें हें विष उतरलें नाहीं. वेगळें बसविणें हा अन्याय होय, यांत संशय नाहीं. पण एकत्र बसविलें कीं समता आली, हा भ्रम होय. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं न्यू ऑर्लीन्स शहरांत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यांत आजवर केवळ गोऱ्यांसाठीं असलेल्या शाळेंत गेली, तेव्हां गोऱ्या पालकांनीं आपापलीं मुलें काढून नेलीं. बार्बरा हेन्री नांवाच्या एका शिक्षिकेनें त्या एकट्या मुलीला रिकाम्या वर्गांत वर्षभर शिकविलें. कायद्यानें दार उघडलें होतें. पण शेजारचें बांक भरणें कायद्याच्या हातीं नव्हतें.

हें वाचून आपल्या देशांतील एक बैठक आठवल्यावांचून राहत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सातारा येथें शाळेंत जात, तेव्हां त्यांना इतर मुलांत बसतां येत नसे. कोपऱ्यांत वेगळें बसण्यासाठीं गोणपाटाचा तुकडा त्यांना घरून न्यावा लागे, आणि शाळा सुटल्यावर तो परत घरीं आणावा लागे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला शिवत नसे. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवली आहे. १९१३ ते १९१६ या काळांत ते ज्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, त्याच विद्यापीठांतून पुढें क्लार्क पतिपत्नी बाहेर पडलीं. दोन खंडांतील दोन गोणपाटें एकाच विद्यामंदिराच्या पायरीवर येऊन उलगडलीं गेलीं, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

आतां मूळ प्रश्न असा कीं, मुलाला ही किंमत शिकवितो कोण? कोणी पाटीवर लिहून देत नाहीं. ती वस्तूंतून येते, शब्दांतून येते, आणि सर्वांत अधिक मोठ्यांच्या मौनांतून येते. वस्तूंचें उदाहरण घ्या. अमेरिकेंतील क्रेयोला या प्रसिद्ध मेणखडूंच्या पेटींत फिकट गुलाबीसर रंगाच्या एका खडूचें नांव १९६२ पर्यंत 'मांस', म्हणजे अंगकांतीचा रंग, असें छापलेलें असे. ज्या मुलाची अंगकांति तशी नव्हती, त्यानें त्या नांवावरून काय समजावयाचें? १९६२ सालीं तें नांव बदलून त्या जागीं पीच फळाचें नांव दिलें गेलें, आणि २०२० सालीं त्याच कंपनीनें निरनिराळ्या अंगकांतींच्या चोवीस खडूंची पेटी काढली. आपल्याकडे आजहि कित्येक घरांत सांवळीं, गव्हाळ मुलें तोच फिकट खडू मागतांना 'स्किन कलर दे' म्हणतात आणि त्यानें आपल्या आईचें चित्र रंगवितात. चित्रांतली आई आणि स्वयंपाकघरांतली आई यांच्या रंगांतील अंतर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, इतकी ही संवय अंगवळणीं पडली आहे.

शब्दांविषयीं सांगावयाचें तर आपली भाषा या बाबतींत फार श्रीमंत आहे. 'गोरागोमटा' आणि 'काळाकुट्ट', 'तोंड काळें करणें', 'काळें कृत्य' हे शब्द मूल पांच वर्षांचें होईपर्यंत शेंकडों वेळां ऐकतें. बाळंतिणीच्या खोलींतून पहिली बातमी बाहेर येते तेव्हां 'मुलगा कीं मुलगी' याच्या पाठोपाठ 'रंग कसा आहे?' हा प्रश्न येतो. गर्भारणीला केशराचें दूध कां द्यावयाचें आणि बाळाला साय व डाळीचें पीठ कां चोळावयाचें, याचें जें कारण घरोघर सांगितलें जातें, तें सर्वांच्या परिचयाचें आहे. रंग उजळण्याचें आश्वासन देणारी 'फेअर अँड लव्हली' ही मलई १९७५ पासून पंचेचाळीस वर्षें त्याच नांवानें आपल्या बाजारांत विकली गेली. २०२० सालीं तिचें नांव बदललें. आणि हें सर्व ज्या घरांत चालतें त्याच घराच्या देवघरांत राम सांवळा, कृष्ण सांवळा, आणि विठोबा तर काळ्या पाषाणाचा असतो! द्रौपदीला तिच्या वर्णावरूनच 'कृष्णा' हें नांव मिळालें, असें आपण मुलांना सांगतों, आणि शेजारच्या सांवळ्या मुलीविषयीं 'नाकींडोळीं नीटस आहे, पण रंगानें...' असें म्हणून वाक्य अर्धवट सोडतों. तो अर्धवट सोडलेला भाग मूल बरोबर पुरा करतें.

मौनाची शिकवण याहूनहि खोल जाते. चार वर्षांचें मूल बाजारांत मोठ्यानें विचारतें, "आई, तो माणूस इतका काळा कां?" आई लाजेनें अर्धी होते, "शू:, असें बोलूं नये" म्हणून त्याचा दंड दाबते व त्याला पुढें ओढते. हेतु चांगला असतो. पण मुलाला कळतें तें इतकेंच कीं, काळें असणें ही कांहीं तरी लाजिरवाणी, उच्चारूं नये अशी गोष्ट आहे. 'तो माणूस इतका उंच कां?' असें विचारलें असतें तर त्याचा दंड कोणी दाबला नसता. येथें सरळ उत्तर सरळ द्यावें. आपल्या सर्वांच्या कातडींत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य असतें; तें तयार करणाऱ्या पेशी गोऱ्याच्या व काळ्याच्या कातडींत जवळजवळ सारख्याच असतात; कोणाच्या कातडींत रंगद्रव्य अधिक बनतें, कोणाच्या कमी; आणि प्रखर उन्हाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना त्या अधिक रंगानें उन्हापासून संरक्षण मिळतें. एवढें चार वर्षांच्या मुलालाहि त्याच्या भाषेंत सांगतां येतें. उत्तर मिळाल्यावर त्याचें कुतूहल शमतें. दडपल्यावर तेंच कुतूहल भीति होतें, आणि भीतीचा तिरस्कार व्हावयास वेळ लागत नाहीं.

इंग्लंडांत या कामाला कायद्याचा आधार आहे. १९७६ चा वंशसंबंधविषयक कायदा व त्याच्या जागीं आलेला २०१० चा समता कायदा यांनीं रंग, राष्ट्रीयत्व किंवा मूळ वंश यांवरून कोणालाहि कमी लेखून वागविणें बेकायदा ठरविलें आहे, व तो नियम लहान मुलांच्या संस्थांनाहि लागू आहे. 'शुअर स्टार्ट' नांवाची योजना १९९८ सालीं जाहीर झाली. तींतून पुढें पांच वर्षांखालील मुलें व त्यांचे आईबाप यांच्यासाठीं बालकेंद्रें निघालीं. २०१० सालीं त्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. त्यानंतर खर्चांत काटछाट होऊन पुष्कळ केंद्रें बंद पडलीं. पण तेथील शिक्षिकांनीं जी कार्यपद्धति घडविली ती टिकून आहे आणि शिकण्याजोगी आहे.

या पद्धतींत पहिली काळजी नांवाची. मुलाचें नांव त्याच्या घरीं जसें उच्चारतात तसेंच उच्चारावयास शिकणें, हें शिक्षिकेचें काम. सोयीसाठीं तें तोडूं नये. परदेशीं ज्यांच्या 'ज्ञानेश'चा 'नेश' झाला असेल, त्यांना या नियमाचें मोल सांगावयास नको. दुसरी काळजी खेळाच्या कोपऱ्याची. बाहुल्या निरनिराळ्या रंगांच्या असाव्या, भातुकलींत पोळपाट-लाटणेंहि असावें, आणि पुस्तकांतील काळें किंवा सांवळें मूल हें केवळ दुष्काळांतलें दीन मूल नसावें. तेंहि छत्री हरवणारें, मांजर पाळणारें, साधें मूल असावें. तिसरी काळजी अशी कीं, इतरांची संस्कृति वर्षांतून एकदां दिवाळीच्या दिवशीं पाहुणी म्हणून येऊं नये. लुईस डर्मन-स्पार्क्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनीं १९८९ च्या आपल्या ग्रंथांत यालाच प्रवाशी पद्धति म्हणून नांवें ठेवलीं आहेत: प्रवासी येतो, नाच पाहतो, मिठाई खातो आणि निघून जातो, शेजारी होत नाहीं.

चौथी काळजी भांडणाच्या वेळची. एका मुलानें दुसऱ्याला 'तूं काळा आहेस, माझ्याजवळ बसूं नको' असें म्हटलें, तर शिक्षिकेनें तें ऐकलें न ऐकलेंसें करूं नये. प्रथम ज्याला लागलें त्याच्याजवळ जावें, 'तें बोलणें चुकीचें होतें' असें स्पष्ट सांगावें. मग बोलणाऱ्याला, त्याला दुष्ट न ठरवितां, त्याच्या शब्दानें दुसऱ्याला काय झालें तें समजावून द्यावें. याच कामासाठीं कित्येक ठिकाणीं एक बाहुली ठेवतात. तिला नांव असतें, घर असतें, भावंडें असतात. ती मुलांच्या रिंगणांत बसून शिक्षिकेच्या तोंडून आपलें दुःख सांगते, आणि तिला कसें समजवावें तें मुलेंच सुचवितात. क्लार्क यांच्या बाहुलीपुढें मुलें रडलीं. या बाहुलीचे अश्रु मुलें पुसतात. एवढा पल्ला शिक्षणशास्त्रानें गांठला आहे.

पांचवी काळजी शिक्षिकेनें स्वतःची घ्यावयाची, आणि आम्ही स्वतः शिक्षकी पेशांत आयुष्य घालविल्यामुळें ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१६ सालीं येल विद्यापीठांतील वॉल्टर गिलियम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बालशिक्षकांना लहान मुलांचें एक चलच्चित्र दाखविलें व 'यांत कोणी दांडगाई करूं लागतो काय, तें पाहा' असें सांगितलें. चित्रांत कृष्णवर्णी मुलगा व मुलगी आणि गोरा मुलगा व मुलगी अशीं चौघें होतीं, आणि त्यांत कोणीच दांडगाई केलेली नव्हती. शिक्षकांच्या नजरेचा माग यंत्रानें घेतला, तेव्हां ती कृष्णवर्णी मुलावर अधिक वेळ खिळलेली आढळली. छडी हातांत नसली तरी डोळ्यांत असूं शकते. वर्गांत एखादी गोष्ट मोडली कीं प्रथम कोणाकडे पाहिलें जातें, मांडीवर कोणाला घेतलें जातें आणि कोणाला नुसतें 'बस तेथें' म्हटलें जातें, याची नोंद प्रत्येक बालशिक्षिकेनें एक आठवडा मनाशीं ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. वंशभेद आणि जातिभेद या दोन गोष्टी एक नव्हेत. जातीला कातडीची खूण नाहीं. दोन मुलें शेजारीं उभीं केलीं तर कोणता डोळा त्यांची जात सांगणार? पण म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, येथें घराचा दोष अमेरिकेंतील घराहून अधिक ठरतो. तेथें निदान डोळ्याला भेद दिसतो आणि किंमत मागाहून चिकटते. येथें भेदसुद्धां घरानेंच शिकवावा लागतो. आडनांवावरून, गल्लीवरून, बोलण्याच्या हेलावरून माणूस ओळखावयाची विद्या मूल आपल्याजवळ बसूनच शिकतें.

या बाबतींत महाराष्ट्रानें एक मोठा प्रयोग केलेला आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यापूर्वीं त्याचा अर्थ समजून घ्यावा. प्रार्थनासमाजी सुशिक्षित घरांत वाढलेल्या ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें काम केलें आणि १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. बालवाडी सर्वांस खुली होती. पण अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तींतील मुलें तींत येईनात. 'दार उघडें आहे, येत नाहींत त्याला आम्ही काय करणार?' असें म्हणून स्वस्थ बसणें सोपें होतें. त्याऐवजीं शिक्षिका वस्तींत गेल्या आणि तेथल्याच अंगणांत मुलें जमवून शाळा भरवूं लागल्या. 'अंगणवाडी' ती हीच. पुढें १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरूं झालें, तेव्हां गुरें चारावयास जाणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा निघाली. आणि महागड्या विलायती साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे व शिंपले आले. वारली मुलाला आपल्या टेकडीवरची बी शिक्षणाचें साधन झालेली दिसली, तेव्हां त्याला आपली टेकडीहि शहाणी आहे असें वाटलें असेल, यांत संशय नाहीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरूं झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव आहे.

कोणी म्हणेल, इतक्या कोंवळ्या वयांत हे विषय नकोत. आमचें उत्तर असें कीं, विषय आपण काढीत नाहीं. तो आधींच घरांत येऊन बसलेला असतो. मोलकरणीचा कप खिडकींत वेगळा ठेवलेला मूल तिसऱ्या वर्षींच पाहतें, आणि एक दिवस चुकून त्या कपाला हात लावलाच तर कोण कसें ओरडतें तेंहि पाहतें. दुसरे कोणी म्हणतील कीं, हा तिरस्कार नव्हे, स्वच्छता आहे. ठीक, घांसलेला कप घांसलेला असतो, मग तो कोणीं उष्टावला होता याला काय महत्त्व? स्वच्छतेचा नियम माणूस पाहून बदलत नाहीं. जो बदलतो त्याचें नांव निराळें आहे. तिसरे म्हणतील, सर्वांना एकत्र घातलें तर आमच्या मुलाची भाषा बिघडेल. चार बोली ऐकणारें मूल भाषेनें श्रीमंत होतें. बिघडतें तें दुसऱ्याच्या बोलीला हंसावयास शिकलेल्या मुलाचें मन.

आमचे पुष्कळ वाचक असे आहेत कीं, ज्यांचीं मुलेंनातवंडें आज इंग्लंड-अमेरिकेंत आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून नांदत आहे. म्हणजे तिकडे गेलेल्या मराठी घरांच्या कित्येक पिढ्या झाल्या. आपल्या नातवाला तेथील बालकेंद्रांत कोणी रंगावरून हिणवूं नये, त्याच्या डब्यांतील पोळीभाजीला कोणी नाक मुरडूं नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते, आणि तेथील कायदा ती पुरी करावयास बांधलेला आहे. परंतु तोच नातू सुटींत आजोळीं आला म्हणजे त्याला येथें काय दिसतें? आफ्रिकेंतून पुण्यास शिकावयाला आलेल्या विद्यार्थ्यास आपण खोली भाड्यानें देतों काय? धुणेंभांडीं करणाऱ्या साठ वर्षांच्या बाईंना आपलें चार वर्षांचें मूल 'अगं' म्हणतें, तेव्हां आपण त्याला थांबवितों काय? न्याय परदेशीं मागावयाचा आणि मायदेशीं नाकारावयाचा, हा हिशेब मुलांना फार लवकर कळतो. तीं तो बोलून दाखवीत नाहींत, इतकेंच.

तेव्हां गृहस्थांस व गृहिणींस आमची विनंति थोडी आहे. बालमंदिर निवडतांना इमारतीचा रंग व बसची सोय विचारतां, तसें तेथें कोणकोणत्या घरांतील मुलें येतात आणि तीं शेजारीं शेजारीं बसून जेवतात काय, हेंहि विचारा. घरांतील खिडकींतला वेगळा कप काढून टाका. मुलाला त्याचें व्याख्यान देऊं नका, कप नाहींसा झाला हेंच व्याख्यान पुरे. कामाच्या बाईंना 'अहो मावशी' म्हणावयास लावा. नवजात बालिकेचा रंग कोणी विचारला तर तिचें वजन सांगा. आणि मुलानें रंगाविषयीं, जातीविषयीं कांहीं विचारलें, तर त्याचा दंड न दाबतां खरें तेवढें सांगा.

क्लार्क यांच्या खोलींतून रडत पळालेलें मूल चुकलें नव्हतें. त्याच्या भोवतालच्या मोठ्यांनीं जें शिकविलें होतें, तेंच त्यानें अचूक म्हणून दाखविलें होतें. मुलें आपला धडा नेहमींच चांगला पाठ करतात. धडा कोणता द्यावयाचा, एवढेंच आपल्या हातीं आहे.